यादीतला मारवा

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही मध्यमवर्गीय घराच्या माळ्यावर हात घातला तर तीन वस्तू हमखास निघतात. कुणाच्या तरी लग्नात आलेलं पितळी घंगाळ, मिक्सरचं रिकामं खोकं आणि एक वाद्य. वाद्य कुठलं, ते घराच्या ऐपतीवर आणि माळ्याच्या उंचीवर ठरतं. कुठं बुलबुलतरंग, कुठं डग्ग्याविना तबला, कुठं भाता फाटलेली पेटी. हे इथं कसं आलं, अशी चौकशी केली की घरातली माणसं जराही न लाजता सांगतात, "परीक्षा झाली की त्याची!"

याची मुळं आमच्याच मुलखात आहेत. विष्णु दिगंबर पलुसकर १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले. लहानपणी फटाक्यानं डोळे अधू झाले, उपचारासाठी मिरजेला आणलं आणि तिथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. पुढं १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. गाण्याला वर्ग आले, वह्या आल्या, अभ्यासक्रम आला. त्यांच्या पश्चात शिष्यांनी मंडळ स्थापलं आणि प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार अशी परीक्षांची रांग लागली. उस्तादांच्या घरी पाणी भरण्याऐवजी फॉर्म भरून संगीत शिकता येऊ लागलं, हे उपकार मोठेच. फक्त एक गोष्ट बुवांच्या हिशेबात आली नसावी. मराठी माणसापुढं परीक्षा ठेवली तर तो कुठलीही विद्या मिळवतो, आणि परीक्षा सुटली की विद्या हॉलमध्येच ठेवून प्रमाणपत्र तेवढं घरी आणतो. आता तर दहावीला कलेचे वाढीव गुण मिळतात. त्यामुळं तबला थेट बोर्डाच्या गुणपत्रिकेत वाजतो आणि जूनमध्ये माळ्यावर चढतो.

आमचे दाजी याला अपवाद नव्हते. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. साताऱ्यात शाहूपुरीत राहतात. एका बँकेतून रिटायर झाले. सतारीत विशारद आहेत आणि ते प्रमाणपत्र हॉलमध्ये लग्नाच्या फोटोशेजारी लावलेलं आहे. दोन्ही घटना एकाच वर्षातल्या. आक्काला बघायला आले तेव्हा पद्धतीप्रमाणं मुलीनं गाणं म्हणायचं होतं, पण आक्कानं चहाचा ट्रे ठेवला आणि "यायचं नाही मला" म्हणून मोकळी झाली. मग मुलानंच सतार वाजवून दाखवली. मांडवात आलेल्या सगळ्या पाहुण्यांना हा किस्सा ठाऊक होता. "मला वाटलं, आता जन्मभर फुकट ऐकायला मिळंल," आक्का म्हणते. "लग्न झालं आणि हे बँकेच्या बढतीच्या परीक्षेला बसले." त्यानंतर दहिवडी, फलटण, वडूज अशा बदल्या होत गेल्या. प्रत्येक बदलीत सतार ट्रकमध्ये सगळ्यात शेवटी चढायची, सगळ्यात आधी उतरायची आणि नव्या घरात कपाटावर जायची. पंचवीस-तीस वर्षं सतारीचा सगळा रियाज टेम्पोत झाला.

गेल्या गणपतीत सोसायटीनं शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम ठेवला आणि दाजींचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार केला. "ज्येष्ठ श्रोते" म्हणून. विशारदाला श्रोता म्हणून शाल पांघरली गेली, हे दाजींना झोंबलं. घरी आल्यावर त्यांनी नारळ ओट्यावर ठेवला आणि जाहीर केलं, "मी आकाशवाणीची ऑडिशन देणार."

"म्हणजे सांगलीला जायला लागंल," आक्का म्हणाली. तिचं पहिलं म्हणणं नेहमी भूगोलाचं असतं. साताऱ्यात आज आकाशवाणीचं केंद्र आहे, पण आमच्या पिढीच्या कानात आकाशवाणी म्हणजे सांगली. ते केंद्र १९६३ साली सुरू झालं आणि पुढं आमच्या घरात घड्याळाचं काम त्यानंच केलं. भक्तिगीतं लागली की दात घासायचे, बाजारभाव लागले की जेवायचं. त्या केंद्रावरून आपलं नाव ऐकू यावं, यापुढं पद्मश्री किरकोळ.

पुण्याहून भाच्याचा फोन आला. "बाबा, ऑडिशन कशाला? इन्स्टाग्रामवर रील टाका की. लाखभर लोक बघतील."

"तिथं श्रेणी मिळत नाही," दाजी म्हणाले आणि विषय संपला.

आकाशवाणी श्रेणी देते. बी, बी-हाय, ए आणि टॉप. दाजींच्या डोक्यातली बँकेची माणसं जागी झाली ती या पायऱ्या ऐकून. ही व्यवस्था बसवली गेली ती १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री असलेल्या बाळकृष्ण विश्वनाथ केसकरांच्या काळात. केसकर आपलेच, स्वतः गाणं शिकलेले, आणि शिकलेल्या माणसाचा धाक अधिक. त्यांनी सिनेसंगीताला रेडिओतून जवळजवळ हद्दपार केलं आणि शास्त्रीय संगीतवाल्यांना स्वरचाचणी लावली. ज्यांचं नाव घेताना शिष्य कान पकडायचे, अशा बड्या मंडळींनाही हे लागू म्हटल्यावर गहजब झाला, बहिष्कार पडले. पण चाचणी टिकली. जगभर अशा चाचण्यांत आता एक खुबी मानतात, ती म्हणजे परीक्षकाला माणूस दिसू नये. अमेरिकेत बोस्टनच्या वाद्यवृंदानं १९५२ च्याच सुमारास उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा टांगला. पुढं काही ठिकाणी बुटांच्या टाचांवरून बाई की बाप्या ते कळू नये म्हणून खाली गालिचे अंथरले. आकाशवाणीत पडद्याचीही गरज नाही. तुम्ही स्टुडिओत, परीक्षक दुसऱ्या खोलीत, आणि त्यांच्यापर्यंत पोचतो तो आवाज.

सतार खाली काढण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. स्टूल मी धरलं. गवसणी आक्काच्या जुन्या पडद्यांची होती आणि तिची नाडी कुणीतरी पक्की निरगाठ मारून बांधली होती. नाडी कापल्यावर आतून आधी झुरळ निघालं, मग प्लास्टिकचा चेंडू, मग एका लग्नाची पत्रिका. त्या जोडप्याचा मुलगा आता इंजिनिअर आहे. सगळ्यात शेवटी सतार निघाली. दोन तारा तुटून वेटोळं झालेल्या, उरलेल्या तांबेरलेल्या, तरफांवर धुळीचा थर. पावसाळी हवेनं खुंट्या फुगून अशा बसल्या होत्या की दाजींनी पक्कड मागितली. आक्कानं ती दिली नाही. दाजींनी नखी बोटात घालून बघितली. ती पहिल्या पेरावरच अडकली. बोट बँकेत असताना भरलं होतं.

मग सतार मांडीवर घ्यायची वेळ आली. सतारीची बैठक ज्यांनी पाहिली आहे त्यांना कळेल. डावा पाय खाली, उजवा पाय त्यावरून आडवा, भोपळा डाव्या तळव्यावर टेकलेला आणि दांडी तिरकी वर गेलेली. दाजींचा डावा पाय खाली गेला. उजव्या पायानं यायला नकार दिला. जोर करून आणला तर मध्ये पोट आलं. भोपळा आणि पोट एकाच जागेवर हक्क सांगत होते आणि ताबा पोटाकडे होता. शेवटी पाठीला भिंत, कमरेला उशी आणि गुडघ्याखाली तक्क्या अशी तडजोड झाली. या सगळ्यातून दाजी एकदाचे स्थिर झाले, त्यांनी तार छेडली आणि शेजारच्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "कुकर बिघडला का ओ?"

मिरजेला जाणं आलंच. साताऱ्यातही वाद्यांची दुकानं आहेत, पण सतारीचं माहेर मिरज. एकोणिसाव्या शतकात तलवारींचा धंदा बसला, तेव्हा मिरजेच्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब वाद्यांकडे वळले. हत्यारांना धार लावणाऱ्या हातांनी सुरांना धार लावायला घेतली आणि त्या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. भीमेच्या काठी ते खास वाद्यांसाठी पिकवतात, भाजीच्या भोपळ्याचा इथं संबंध नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे अलिबागचा कांदा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि मिरजेचा तंबोरा आता सरकारदरबारी एका पंगतीत बसतात.

कारागीर वयस्कर होते. त्यांनी सतार उताणी केली, भोपळ्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं, दांडीला डोळा लावून वाक बघितला आणि म्हणाले, "एकदम भारी राहिलीय. वापरलीच नाही ना."

दाजींनी ते कौतुक म्हणून घेतलं.

"जवारी कशी काढू? खुली का बंद?"

जवारी म्हणजे घोडीच्या हाडावरचा तो सपाट दिसणारा, पण सपाट नसलेला उतार. तार त्याला पुसटशी घासत थरथरते आणि त्यातून सतारीचा झंकार उमटतो. रविशंकरांची जवारी खुली, विलायत खाँसाहेबांची बंद. या प्रश्नावर सतारवाल्यांत घराणी फुटतात. दाजी क्षणभर गप्प राहिले आणि म्हणाले, "मध्यम." चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याही फाईलवर याहून टोकाचा शेरा मारलेला नाही. कारागिरांनी घोडी उतरवली, कानस एकदाच फिरवली, फुंकर मारली, घोडी बसवली, तार लावली, छेडली, मान हलवली, परत उतरवली. पुन्हा एक हात, पुन्हा फुंकर. आम्हाला दरवेळी आवाज तोच वाटत होता. मग एकदा त्यांनी तार छेडली आणि दुकानाबाहेर चप्पल घालत असलेली आक्का तशीच एका पायात चप्पल घेऊन आत आली. "आता आली," कारागीर म्हणाले. जवारी आली म्हणायचं होतं त्यांना.

येताना दर्ग्यात डोकं टेकवलं. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि १९३७ मध्ये गेल्यावर त्याच आवारात विसावले. उरुसात तिथं दरवर्षी गवई-वादक हजेरी लावतात. दाजींनी हात जोडून जरा जास्तच वेळ घेतला. काय मागितलंत, असं आक्कानं विचारलं तर म्हणाले, "गुडघा."

रियाज सुरू झाला आणि खरी अडचण समोर आली. ती सतारीत नव्हती, गुडघ्यात नव्हती, कानात होती. हात थांबला होता, पण मधल्या काळात कान थांबला नव्हता. रोज रात्री झोपताना दाजी निखिल बॅनर्जी ऐकत, विलायत खाँ ऐकत. कान असा घरबसल्या अलंकार होऊन बसला होता आणि हात प्रवेशिकेच्या वर्गात मागं बसलेला. नवशिक्याला आपण किती वाईट वाजवतो ते कळत नाही, म्हणून तो आनंदात असतो. परत आलेल्याला सगळं कळतं. दाजी मींड ओढायचे, मींड गंधाराला जाता जाता मध्येच मुक्काम करायची आणि दाजी स्वतःच "च्" करायचे. दारापलीकडं बसून ऐकलं तर सतार कमी आणि "च्" जास्त ऐकू यायचं. तर्जनीचा घट्टा कधीच गेला होता. तारेनं कोवळ्या बोटाला चिरा पाडल्या, मग त्या बोटानं दाजी आमटी वाढून घेईनात. पुढं घट्टा परत आला, तेव्हा त्यांनी तो बिल्डिंगमधल्या प्रत्येकाला हात लावून बघायला लावला.

खंड पडलेल्या माणसाला धीर देणारेही फार. कुणी म्हणालं, कुमार गंधर्वांचं बघा, पाच-सहा वर्षं गाणं बंद होतं, परतले ते नवं गाणं घेऊनच. हे खरं आहे. पण कुमारांना क्षय झाला होता, दाजींना बढती झाली होती. खालच्या मजल्यावरचे काका पेटी वाजवतात. त्यांनी वेगळाच दिलासा दिला. "माणसाचं सोडा, आमच्या पेटीचंच घ्या. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं परकी म्हणून पेटीवर बंदी घातली. उठली कधी? १९७१ ला! एकतीस वर्षं रेडिओत पाऊल नाही. परत आली की नाही?" दाजींना हे पटलं. फक्त त्या एकतीस वर्षांत पेटी देशभर सगळीकडे वाजतच होती, हा फरक काकांनी सांगितला नाही. भाच्यानं अमेरिकेतली गोष्ट पाठवली. सॉनी रॉलिन्स नावाचा सॅक्सोफोनवाला ऐन भरात असताना १९५९ मध्ये थांबला आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन दोन वर्षं रियाज करत राहिला. दाजी विचारात पडले. पूल साताऱ्यातही आहेत.

"माहुलीला संगमावर भोपळा घेऊन बसलात तर लोक दक्षिणा ठेवून जातील," आक्का म्हणाली. रियाज हॉलमध्येच होत राहिला.

तबल्याला एक निवृत्त गुरुजी मिळाले. भजनी मंडळात त्यांचा हात चांगला चालतो. अडचण एवढीच की भजनात लय चढत जाते आणि शेवटी टाळकऱ्यांसकट सगळे उभे राहतात. गुरुजींचा तीनताल बारा मिनिटांत गजराला पोचायचा. "गुरुजी, जरा धरून," दाजी म्हणायचे. "धरलंय की," गुरुजी म्हणायचे, "तुम्ही मागं राहताय." शेवटी दोघांनी मोबाईलवर तालाचं ॲप लावलं आणि दोघंही त्याच्या मागं राहिले.

मग अर्जात रागांची यादी लिहायची वेळ आली. यादी तुम्ही द्यायची, त्यातला कुठलाही राग परीक्षक मागणार. साधा माणूस अशा वेळी जे येतं ते लिहील. दाजींनी भूप, यमन, भीमपलास, बागेश्री, मालकंस लिहिले आणि थांबले. यादी वाचून त्यांना ती शाळेतल्या स्नेहसंमेलनाची वाटली असणार. त्यांनी खाली मारवा लिहिला.

"तो येतो का तुम्हाला?" आक्कानं विचारलं.

"यादीत भारदस्त दिसतो."

मारवा हे प्रकरण ज्यांना ठाऊक आहे त्यांनी इथं पाणी प्यावं. पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि षड्जावर तर विसावूच द्यायचं नाही. माणूस रागात फिरतो, पण बसायला जागा मिळत नाही. भरीस भर, त्याच स्वरांचे पुरिया आणि सोहनी अगदी शेजारी उभे. जोर इकडचा तिकडं झाला की तुम्ही परक्याच्या घरात. यादी पाठवली त्या रात्रीपासून दाजींची झोप उडाली. परीक्षक मारवाच मागणार, हे त्यांनी मनाशी पक्कं धरलं. आणि म्हणून घरात दिवस-रात्र मारवा सुरू झाला. दूधवाला येताना मारवा, गॅसवाला येताना मारवा. मावळतीच्या त्या रागानं घरात सदानकदा दिवेलागणीची हुरहुर पसरली. आक्का म्हणाली, "सारखं वाटतं, कुणीतरी गेलंय आणि मला सांगत नाहीयेत." यमन आणि भूप यांच्याकडं दाजींनी ढुंकूनही बघितलं नाही. "ते काय, झोपेत येतात."

ऑडिशनच्या दिवशी आम्ही एसटीनं निघालो. महिलांना अर्धं तिकीट असल्यानं आक्काचं मन प्रसन्न होतं. कंडक्टर सतारीपाशी थांबला. "पावणं, ह्यात काय हाय?"

"सतार."

त्यानं गवसणीवरून हात फिरवला, भोपळ्यापाशी थांबवला. "फुटण्यासारखं असंल तर मांडीवर घ्या. हिकडं पेठ नाक्यापर्यंत बरं हाय, म्होरं माझी ग्यारंटी न्हाई." कऱ्हाड गेलं, पेठ नाका गेला, आष्टा गेलं, आणि सगळा वेळ दाजी सतारीला आणि आक्का दाजींना धरून बसली. साताऱ्याहून पहाटेच्या गारव्यात मिळवून घेतलेली सतार सांगलीच्या उन्हात उतरली तेव्हा एकही तार जागेवर नव्हती. दाजींनी खुंट्यांना खडू फासला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

बाहेर उमेदवार बसले होते. बासरी घेऊन आलेली एक कॉलेजातली मुलगी, अभंग म्हणणारे एक तरुण, आणि पोवाड्याची तयारी करून आलेले एक निवृत्त सुभेदार, ताठ बसलेले. सगळे एकाच वेळी आपापल्या पट्टीत गुणगुणत होते. कुणाचा सा कुणाच्या नी वर पडत होता. मग सुभेदारांनी विचारलंच, "गाव कुठलं आपलं?" दाजींनी सांगितलं. "म्हणजे मूळचं?" तेही सांगितलं. "मग तुम्ही त्यांच्यातले का?" तीन मिनिटांत सुभेदारांना दाजींचं आडनाव, भावकी, जमीन आणि जावई कळले होते.

मला तिथंच त्या पलीकडच्या खोलीची थोरवी पटली. सातारा-सांगलीत माणूस जन्मल्यापासून "कुणाचा?" या प्रश्नाला उत्तर देत जगतो. लग्नात, दवाखान्यात, एसटीत, भाजीच्या गाडीवर. आतल्या स्टुडिओत तेवढं कुणी विचारत नाही. तिथं दाजी कुणाचेच नव्हते. निवृत्त नव्हते, शाहूपुरीचे नव्हते, ज्येष्ठ श्रोतेही नव्हते. उमेदवार होते. साठीच्या माणसाला असं कोरं होऊन बसायला दुसरी जागा कुठं आहे? आक्काला मी हे बोलून दाखवलं. ती भडंगाची पुडी सोडत म्हणाली, "पँटीला इस्त्री कशाला केली मग मी?"

आत काय झालं ते दाजींनी नंतर सांगितलं आणि पुढच्या महिनाभरात त्याच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. सगळ्या आवृत्त्यांत समान असलेला भाग असा. स्टुडिओच्या भिंती आवाज पिऊन टाकतात. घरच्या हॉलमधली फरशी प्रत्येक सुराला घुमवून मोठा करायची. इथं सूर तारेवरून सुटायचा आणि जेवढा होता तेवढाच ऐकू यायचा. दाजींनी आपली खरी सतार पहिल्यांदा तिथं ऐकली. मग लाल दिवा लागला, भिंतीतून आवाज आला, "भूप वाजवा."

भूप. पाच स्वर. लहान पोरं शिकतात तो. लपायला कोमल-तीव्राचं झुडूप नाही, सगळं मोकळं मैदान. दाजींच्या हातात मारव्याची धारदार वळणं ठासून भरलेली. त्यांनी आलाप सुरू केला, बरा चालला होता. पण भुपात विसावा गंधारावर आणि मारव्याच्या रियाजात हाताला धैवताची सवय लागलेली. हात धैवतावर जाऊन बसला, परत परत बसला. भुपाच्याच पाच स्वरांत धैवतावर जोर दिला की होतो देशकार. दाजी भुपाच्या घरात शिरले आणि देशकाराच्या दारानं बाहेर पडले. त्यांच्या कानाला ते हातापेक्षा आधी कळलं. "थँक यू," भिंत म्हणाली. पंचवीस-तीस वर्षांचा खंड, त्यानंतरचा रियाज, मिरज, दर्गा, एसटी, आणि वाजवणं सगळं मिळून चहा गाळेपर्यंतच्या वेळातलं.

बाहेर आल्यावर दाजींनी पाणी प्यायलं आणि आपली बाजू मांडली. "सकाळी अकरा वाजता भूप मागितला. भूप रात्रीचा राग. देशकार सकाळचा. वेळेनं ओढलं मला तिकडं." बासरीवाली मुलगी हे ऐकून हसली नाही, तिनं गंभीरपणे मान हलवली. त्यामुळं दाजी तिच्यावर फार खूश झाले आणि तिला साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे दिले. ते पेढे खरं तर ऑडिशन चांगली झाल्यावर वाटायचे होते.

निकाल आला. नाही झालं.

सोसायटीत भेटायला माणसं आली. पेटीवाल्या काकांनी पुन्हा १९७१ सांगितलं. गुरुजींनी, आपण सोबत असतो तर लय तरी चढली असती, असं बोलून दाखवलं. दाजी मात्र मला दिसले ते उत्साहात. आणि मग ध्यानात आलं की विशारदच्या वेळी जे झालं नव्हतं ते आता झालं होतं. तेव्हा पहिल्या वर्गात पास झाले, तडीस गेलं, सतार बांधून ठेवली. आता काहीच तडीस गेलं नव्हतं. रोज संध्याकाळी भिंत, उशी, तक्क्या लागतात. मींड हल्ली गंधारापर्यंत न थांबता जाते, "च्" पुष्कळ कमी झालंय. एखादी बी श्रेणी मिळाली असती तर नेमप्लेटवर चढली असती आणि सतार पुन्हा पडद्याच्या कापडात गेली असती. नापास होण्याचे फायदे आपल्याकडं कुणी नीट मोजलेले नाहीत.

हे आक्काला आमच्या आधी कळलं होतं. पुन्हा अर्ज भरायची वेळ आली तेव्हा फॉर्म तिनंच आणला, चष्मा आणून दिला आणि समोर बसली. "यादी साधी करा," ती म्हणाली. "भूप, यमन, बास. आणि तो मारवा पहिला काढा. घरात सुतक पाळल्यागत होतं."

दाजींनी मुकाट्यानं मारव्यावर काट मारली. आक्का समाधानानं आत चहा टाकायला गेली. मी यादी उलटी करून वाचली. मारवा खरंच काढला होता. त्याच्या जागी पुरिया लिहिला होता.